अण्णांचे पाच लाख कुणाला द्यावेत?

वाचक भगिनीचं पत्र, थोडं आटोपतं करून:

‘ताई, मी औसा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. आमचे अण्णा लातूरच्या मोंढ्यात एका अडतीवर बत्तीस वर्षं मुनीम होते, शिवाय घरची चार एकर बघायचे. कंपवाताने (पार्किन्सन्स) अकरा वर्षं काढून मागच्या श्रावणात गेले. आजार कळायलाच तीन वर्षं लागली. आधी त्यांची सही बारीक होत गेली. बँकेने “सही जुळत नाही” म्हणून दोनदा स्लिप परत केली, तेव्हा आम्हाला वाटलं नजर गेली. मधे एका शहरातल्या दवाखान्यात “स्टेम सेल”च्या नावाखाली अडीच लाख गेले, गुण आला नाही. आता त्यांच्या नावावर पाच लाखांची ठेव निघाली आहे. दादा म्हणतात मंदिरापुढे सभामंडप बांधू, सप्ताहात पंगत देऊ. धाकटा पुण्यात असतो, तो म्हणतो अमेरिकेतल्या मोठ्या संस्थेला पाठवू. आई दादांकडे असते. मला वाटतं या आजाराच्या संशोधनाला द्यावेत, पण आपल्या इथल्या. एकट्या आमच्या गावात मी अण्णांसारखी चार माणसं मोजलीत. पाच लाखांनी काही होतं का, की दर्यात खसखस? वर्षश्राद्धाच्या आत ठरवायचं आहे.’

ताई,

तुमच्या पत्रात आई एकाच वाक्यात येते. ‘आई दादांकडे असते.’ म्हणून संशोधनाकडे वळण्याआधी मी तिथंच थांबते.

माझ्या मामांना हाच आजार होता, हिंगोलीला. रात्री त्यांना कूस बदलता यायची नाही, मामी उठून वळवायची. सकाळी सदऱ्याच्या गुंड्या ती लावून द्यायची आणि पाहुणे बसलेले असले की मामांनीच लावल्यात असं भासवायची. मामा गेले आणि सहा महिन्यांनी तिचा खांदा धरला, हात डोक्यापर्यंत जाईना. तोवर तिने कुणाला सांगितलंच नव्हतं. तुमच्या आईने अकरा वर्षं काय केलं असेल, हे मला विचारावं लागत नाही.

आता व्यवहाराचं. ठेवीवर नॉमिनी म्हणून कुणाचंही नाव असो, नॉमिनी पैसा सांभाळणारा असतो, मालक नसतो. अण्णांनी मृत्युपत्र केलेलं नसेल, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आई, दोन्ही भाऊ आणि तुम्ही, चौघांचा सारखा हिस्सा. म्हणजे सव्वा लाख आईचे. ते आधी तिच्या नावावर वेगळे करा. ती म्हणाली की तिचेही घाला, तरी घालू नका. गुडघे आहेत, डोळे आहेत, पुढं दवाखाना आहे.

सव्वा लाख दादांचे. त्यांनी मंडप बांधावा. ‘पैसे दगडविटांत घालता’ असं त्यांना म्हणू नका, ताई. आजारी बाप त्यांच्या ओसरीवर होता. बापाचं नाव गावात कुठंतरी कोरलेलं असावं, असं त्यांना वाटतं. त्यात चुकीचं काही नाही. आणि त्या मंडपाचा तुमच्या कामाला उपयोग होणार आहे, ते पुढं सांगते.

उरले तुमचे आणि धाकट्याचे. अडीच लाख. जेवढे त्या दवाखान्यात गेले, तेवढेच. वाद पाच लाखांचा नाहीच, अडीचचा आहे, आणि तोही तुम्हा दोघांत मिटण्यासारखा.

संशोधनाला देऊन काही होतं का, हा तुमचा खरा प्रश्न. अण्णांच्या उशाशी जी सिंडोपाची पट्टी असायची, तिच्यावरूनच सांगते. त्या गोळीतलं मुख्य औषध लेव्होडोपा. आपल्या रानात कुंपणाला खाजकुयलीची वेल चढते. शेंगेवरची लव अंगाला लागली की माणूस शेणात हात घालतो, इतकी खाज. त्या वेलीच्या बियांतून दामोदरन आणि रामस्वामी या दोन भारतीय रसायनतज्ज्ञांनी १९३७ मध्ये लेव्होडोपा वेगळं काढलं. कंपवाताशी त्याचा काही संबंध आहे हे तेव्हा जगात कुणालाच माहीत नव्हतं. बीमध्ये काय आहे, एवढंच त्यांना बघायचं होतं.

मग वीस वर्षं गेली. १९५७ मध्ये स्वीडनमध्ये आर्विड कार्लसन यांनी सशांना रिसर्पिन नावाचं औषध दिलं. हे रिसर्पिनही आपल्या सर्पगंधेतून निघालेलं. ससे कान पाडून निपचित पडले, हलेनात. त्यांना डोपा टोचल्यावर थोड्याच वेळात ते उठून फिरायला लागले. डोपापासून मेंदूत बनणारं डोपामीन नावाचं रसायन संपलं की हालचाल थांबते, हे त्यातून उमगत गेलं. १९६० मध्ये व्हिएन्नात ओलेह हॉर्निकिएविच यांनी कंपवाताने वारलेल्या माणसांचे मेंदू तपासले आणि तिथं डोपामीन आटलेलं सापडलं. पुढच्याच वर्षी तिथल्या अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना डोपाचं इंजेक्शन दिलं आणि ते उठून चालले. पण तो गुण टिकायचा नाही. १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोट्झियास यांनी तोंडावाटे थोडं थोडं वाढवत मोठ्या मात्रेत डोपा दिला, आणि रोज घेण्याजोगा उपचार हाती आला. कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल मिळालं.

म्हणजे बीपासून गोळीपर्यंत तीस वर्षं लागली. त्यातल्या एकाही टप्प्याला पैसा देणाऱ्याला त्या दिवशी हातात काही दिसलं नसेल. अण्णांना मधली काही वर्षं स्वतःच्या हाताने भाकरी मोडता आली असेल, तर ती त्या पैशाची. (खाजकुयलीची पावडर बाजारात मिळते म्हणून गावातल्या त्या चौघांना कुणी सुचवेल. चालू गोळ्यांवर ती मनाने घेऊ नये. किती डोपा पोटात जातो याचा ताळमेळ राहत नाही, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.)

आणि ही गोळी आजार थांबवत नाही, हे तुम्ही अकरा वर्षं पाहिलंत. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये लंडनमध्ये या आजाराचं पहिलं नीट वर्णन लिहिलं. दोनशे वर्षं उलटली, तरी त्याला रोखणारं औषध अजून नाही. हाताला थरथर दिसते तेव्हा मेंदूच्या खोलातल्या, डोपामीन बनवणाऱ्या काळपट पट्ट्यातल्या निम्म्याच्या आसपास पेशी गेलेल्या असतात. आपण दवाखान्यात पोचतो तोवर आग घरभर झालेली असते. म्हणून आता शोध चाललाय तो आधीच्या खुणांचा: वास न येणं, वर्षानुवर्षांचं बद्धकोष्ठ, झोपेत लाथा झाडणं, ओरडणं, अक्षर बारीक होणं. अल्फा-सिन्यूक्लिन नावाचं एक प्रथिन पेशीत चुकीचं दुमडून साठत जातं, हे १९९७ मध्ये कळलं. ते मणक्यातल्या पाण्यात पकडता येतं, हे २०२३ मध्ये मोठ्या अभ्यासातून पक्कं झालं. औषधांच्या बाबतीत मात्र अपयश पुष्कळ. मधुमेहाच्या एका इंजेक्शनवर ब्रिटनमध्ये मोठी आशा होती, १९४ रुग्णांवर ९६ आठवडे ते पाहिलं आणि २०२५ मध्ये निकाल आला: फायदा नाही. असा पैसा वाया गेला, असं मी मानत नाही. एक वाट बंद आहे हे कळायलाही पैसा लागतोच.

धाकट्या भावाच्या मनात बहुधा मायकल जे. फॉक्स फाउंडेशन असावं. संस्था खरी आहे, काम मोठं आहे. २००० साली निघाली आणि आजवर तिने दोन अब्ज डॉलरहून जास्त रक्कम संशोधनात घातलीय. भारतातल्या रुग्णांच्या जनुकांचा अभ्यास करणाऱ्या एका प्रकल्पालाही तिचंच पाठबळ आहे: देशभरातल्या रुग्णालयांतून दहा हजार रुग्ण आणि दहा हजार निरोगी माणसं घ्यायची, अशी त्याची आखणी. तेव्हा त्यांना देण्यात गैर काही नाही. पण तुमचे अडीच लाख तिथं खरोखर दर्यात खसखस. परदेशी संस्थेला थेट दिलेल्या देणगीवर आयकरात सूटही नाही. माझं मत विचाराल, तर पैसा इथंच ठेवा. तुमच्या पत्रातल्या एका वाक्यामुळे मी हे म्हणते: ‘एकट्या आमच्या गावात मी चार माणसं मोजलीत.’

ताई, तुम्ही संशोधन सुरू केलंय. तुम्हाला ते ठाऊक नाही इतकंच.

मुंबईच्या पारशी वसाहतींत १९८०च्या दशकात डॉक्टरांनी घरोघर जाऊन चौदा हजार माणसं पाहिली. १९८८ मध्ये निष्कर्ष छापला: लाखात तीनशे अठ्ठावीस जणांना कंपवात. भारतातल्या कंपवाताबद्दल लिहिणारे आजही तो आकडा काढतात. एका छोट्या समाजाने दारं उघडली, प्रश्नांना उत्तरं दिली, म्हणून तो निघाला. असा हिशेब आपल्या औसा-निलंग्याच्या, गंगाखेड-केजच्या गावांचा निघायला हवा. इथं हात थरथरला की म्हातारपण म्हणतात, पाय घासला की वारं गेलं म्हणतात, आणि माणूस कुठल्याच कागदावर न येता जातो. कागदावर आला नाही, तर त्याच्यासाठी गोळ्याही मागवल्या जात नाहीत, डॉक्टरही नेमला जात नाही.

आणि आपल्याकडे विचारण्याजोगा एक खास प्रश्न आहे: फवारणीचा. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात काही तरुण भेसळीची नशा टोचून घेतल्यावर काही दिवसांत कंपवाताच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांसारखे ताठरले. त्या भेसळीतून शरीरात जे विष बनलं होतं, त्याची रचना पॅराक्वाट या तणनाशकाशी मिळतीजुळती निघाली. तिथून शास्त्रज्ञ शेतातल्या औषधांकडे बघायला लागले. २०११ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा आणि नॉर्थ कॅरोलायना राज्यांतल्या शेतकरी कुटुंबांवरचा अभ्यास आला. पॅराक्वाट किंवा रोटेनोन हे कीटकनाशक वापरलेल्यांत कंपवाताचं प्रमाण सुमारे अडीचपट दिसलं. संबंध दिसला म्हणजे तेच कारण ठरलं असं नाही. विहिरीचं पाणी, वय, वंश, डोक्याला लागलेला मार, बरंच काही त्यात असतं. स्वित्झर्लंडने पॅराक्वाट १९८९ मध्येच बंद केलं, युरोपीय संघात २००७ पासून ते नाही. आपल्याकडे उसात, कापसात, बांधावर ते वर्षानुवर्षं मारलं गेलं. पाठीवर पंप, पायात चप्पल, तोंडाला उपरणंही नाही. अण्णा चार एकर बघायचे. ते काय फवारायचे, कधीपासून, हातमोजे होते का, हे दादांना आठवत असेल. हा प्रश्न आपल्या मातीत बसून विचारावा लागेल.

मग अडीच लाखांचं नेमकं काय?

लातूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा महाविद्यालयांत पीएसएम, म्हणजे प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्राचा विभाग असतो. गावात जाऊन आरोग्याची पाहणी करणं हे त्या विभागाचं कामच आहे, आणि एम.डी. करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला एक थिसिस करावा लागतो. विषय पुष्कळदा विद्यार्थ्याच्या खिशावर ठरतो. घरोघर फिरायला जीपचं डिझेल लागतं, छापील अर्ज लागतात, आशाताईंना मानधन द्यावं लागतं, संशयित रुग्ण तपासायला न्यूरोलॉजिस्टला गावात आणावं लागतं. तुमचे अडीच लाख इथं दिसतात. पाच-सात गावं धरली, पन्नाशीच्या वरच्या प्रत्येकाला दहाएक साधे प्रश्न विचारले (अक्षर बारीक झालं का, खुर्चीतून उठताना जोर लावावा लागतो का, गुंडी लावायला वेळ लागतो का, पाय घासतो का) आणि ‘हो’ म्हणणाऱ्यांना न्यूरोलॉजिस्टने पाहिलं, तर एक खरा, छापण्याजोगा अभ्यास होतो. शिवाय ज्यांना म्हातारपण म्हणून सोडून दिलंय, त्यातल्या काहींच्या हातात महिनाभरात योग्य गोळी पडते. संशोधन आणि सेवा एकाच खर्चात होण्याची संधी वारंवार येत नाही.

डीनना पत्र लिहा. दोन पानं पुरेत: अण्णा कोण होते, तुम्हाला काय मोजलेलं हवंय, किती रक्कम देऊ शकता. महाविद्यालयाला अशी देणगी कोणत्या खात्यात, कोणत्या नियमाने घेता येते, ते लेखी विचारा. विद्यार्थ्याच्या किंवा डॉक्टरच्या वैयक्तिक खात्यात एक रुपयाही नको, माणूस कितीही भला असला तरी. एथिक्स कमिटीची (संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीची) मंजुरी झाल्याशिवाय पहिला हप्ता देऊ नका. सगळी रक्कम एकदम देऊ नका. ठेव मोडून लहान लहान ठेवी करा आणि कामाचा अहवाल येईल तशी द्या. रोख तर नकोच, दोन हजारांवरच्या रोख देणगीला आयकरात सूटही मिळत नाही. बाकी करापुरतं तुमच्या सी.ए.ला विचारा, जुनी करपद्धत घेतली असेल तरच त्यात काही मिळण्यासारखं आहे.

चार-सहा महिन्यांत उत्तर नाही आलं, किंवा टोलवाटोलवी झाली, तर रक्कम बंगळूरच्या निम्हान्सला किंवा तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेला द्या. पत्रात ‘कंपवाताच्या संशोधनासाठीच’ असं स्पष्ट लिहून. दोन्ही केंद्र सरकारच्या कक्षेतल्या संस्था, दोन्हींकडे या आजाराचं काम अनेक वर्षांचं आहे. माझा पहिला कौल तरी लातूर-अंबाजोगाईलाच. आणि वर्षश्राद्धाची मुदत मनातून काढून टाका. त्या दिवशी संकल्प सोडा, पैसे सावकाश द्या.

मंडपाचं म्हणाले होते ना. सप्ताहात पंचक्रोशी जमते. काल्याच्या दिवशी कीर्तनकार महाराजांनी पाच मिनिटं सांगितलं की हात थरथरणाऱ्या, पाय घासणाऱ्या आपल्या म्हाताऱ्यांना उद्या मंडपात घेऊन या, डॉक्टर बघणार आहेत, तर जितकी माणसं येतील तितकी सरकारी पत्रकाने येणार नाहीत. दादांना हे काम सांगा. ते नाही म्हणणार नाहीत असं मला वाटतं.

त्या दवाखान्यात गेलेल्या अडीच लाखांबद्दल थोडं, कारण तुमच्यासारखी पत्रं मला आणखीही येतात. कंपवातावर स्टेम सेल हा मान्यता मिळालेला उपचार म्हणून आपल्याकडे कुणी विकूच शकत नाही; २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे तो फक्त मंजूर चाचणीतच देता येतो. खऱ्या चाचण्या जगात चालू आहेत. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिका-कॅनडातल्या बारा आणि जपानमधल्या सात रुग्णांचे निकाल आले. सुरक्षित वाटतात, पुढं बघू, इतकंच तिथले डॉक्टर तेव्हा म्हणाले. जिथं ‘चाचणी’ म्हणून रुग्णाकडूनच पैसे मागतात, तिथून उठून यावं. भारतातली प्रत्येक औषध-चाचणी सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत असावी लागते, ती मोबाइलवर कुणालाही फुकट बघता येते. तुम्ही फसलात त्यात तुमचा दोष नाही. बाप डोळ्यांदेखत गोठत असताना माणूस कुणावरही विश्वास ठेवतो. जमलं तर त्या पावत्या घेऊन जिल्हा ग्राहक आयोगातल्या वकिलाला एकदा भेटा. तक्रारीला साधारण दोन वर्षांची मुदत असते.

तुम्ही स्पष्ट विचारलेलं नाही, पण मनात असेलच: हा आजार बहुतेक घरांत वारशाने येत नाही. तुम्ही आणि भाऊ घाबरून राहू नका.

शेवटी एक मागणी, पैशाची नाही. मुनिमाच्या घरात वह्या असतात. अण्णांनी घरखर्चाची, शेताची खतावणी ठेवली असेल, तर ती रद्दीत जाऊ देऊ नका. वर्षावर्षाचं एकेक पान काढा आणि शेजारी शेजारी ठेवा. सुरुवातीचे टपोरे मोडी वळणाचे आकडे, मग कुठल्यातरी दिवाळीपासून ओळीच्या शेवटी बारीक होत गेलेली अक्षरं, शेवटी मुंगीएवढी सही. बँकेने स्लिप परत करण्याच्या किती वर्षं आधी ते सुरू झालं, ते तुम्हाला तारखेसकट दिसेल. असा पुरावा दवाखान्यातल्या कुठल्याही फायलीत नसतो. पाहणी करायला येणाऱ्या डॉक्टरला ती वही आधी दाखवा.

आणि ती वही घेऊन एका दुपारी आईपाशी बसा. फोडणी करपल्याचा वास अण्णांना कधीपासून येईना, झोपेत ते कधीपासून हात झाडायला लागले, हे सांगू शकेल असं माणूस आता एकच आहे. ती सांगेल तसं, तिच्याच शब्दांत, वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहून घ्या.